पायाळू बाळ, तिसावा आठवडा आणि सिझरचा निर्णय

घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या घराजवळील प्रसूतिगृहात मी नाव नोंदवले होते. ते स्वच्छ होते, तिथल्या डॉक्टर अनुभवी होत्या, आणि तिथे नवजात बाळांसाठी अतिदक्षता विभाग (एनआयसीयू) नाही ही गोष्ट सगळे सुरळीत चालू असेपर्यंत कोणाच्या मनातही येत नाही. अठ्ठाविसावा आठवडा पूर्ण होऊन जेमतेम काही दिवस झाले असताना एका पहाटे कळा नसताना अचानक अंगावरून पाणी गेले. सोनोग्राफीत बाळाभोवतीचे पाणी बरेच कमी झालेले दिसले, डोके वर बरगड्यांपाशी आणि पाय खाली असल्याचेही दिसले, आणि बाळाचे अंदाजे वजन अकराशे ग्रॅमच्या आसपास निघाले.

त्या डॉक्टरांनी पुढच्या तासाभरात जे केले त्याचे मोल मला नंतर कळले. त्यांनी प्रथम डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले, प्रतिजैविके सुरू केली, ठाण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात फोन करून एनआयसीयूत जागा आहे याची खात्री करून घेतली आणि मगच रुग्णवाहिका बोलावली. "बाळाला जन्मल्यावर हलवण्यापेक्षा पोटात असतानाच हलवू," एवढेच त्या म्हणाल्या. कापूरबावडीच्या वाहतुकीत अडकलेल्या त्या रुग्णवाहिकेत मला हे वाक्य फार धीराचे वाटले नाही. पण इतक्या लहान बाळाच्या बाबतीत ते कोठे जन्मते याला, ते कोणत्या मार्गाने जन्मते याच्याइतकेच किंवा त्याहूनही अधिक महत्त्व असते, हे माझे आजचे मत आहे.

नव्या रुग्णालयात मला झोपवून ठेवण्यात आले. बाळाला आणखी जितके दिवस आत ठेवता येतील तितके ठेवायचे आणि जंतुसंसर्गाची खूण दिसली किंवा कळा सुरू झाल्या तर थांबायचे नाही, असे धोरण होते. ताप, नाडी, रक्तातील पांढऱ्या पेशी आणि बाळाचे ठोके यांची तपासणी वेळच्या वेळी होत असे. स्टिरॉइडचे चार डोस बारा-बारा तासांनी पूर्ण झाले. ही इंजेक्शने आईसाठी नसून बाळाच्या फुप्फुसांसाठी असतात. लिगिन्स आणि हॉवी यांनी न्यूझीलंडमधून १९७२ साली त्यांचा परिणाम प्रथम दाखवून दिला. भारतासह पाच देशांत झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या चाचणीत, आपल्याकडच्यासारख्या परिस्थितीतही त्यांमुळे नवजात मृत्यू कमी होतात हे पुन्हा सिद्ध झाले.

भेटायला येणाऱ्यांचा प्रश्न मात्र एकच असे: सिझर करणार ना? होकार मिळाला की सर्वांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव येई, जणू चिंतेचे कारणच संपले. आमच्या आजेसासूबाईंचा प्रश्न निराळा होता. पायाळू माणसाला जमिनीतले धन दिसते आणि त्याने पाठीला पाय लावला की उसण जाते, हे त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. तेव्हा पोट फाडून काढलेले बाळ पायाळू धरायचे की नाही, असे त्यांनी फेरीवर आलेल्या निवासी डॉक्टरांनाच विचारले. त्या बिचाऱ्या गोंधळून गेल्या. त्या दिवसांत मी मनापासून हसले ते त्याच वेळी.

माझ्यावर उपचार करणाऱ्या प्रमुख डॉक्टर साठीच्या होत्या. मुंबईच्या एका महापालिका रुग्णालयात शिकत असताना त्यांनी पायाळू बाळांच्या कित्येक नैसर्गिक प्रसूती स्वतःच्या हाताने केल्या होत्या, आणि त्यांच्या हाताखालच्या तरुण डॉक्टरांना ती संधी फारशी मिळालेली नाही हे त्या सहज सांगून गेल्या. पाणी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची ओढली, माझ्या नवऱ्यालाही बसायला सांगितले आणि घाई न करता बोलल्या.

त्यांनी सांगितले ते असे. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास चार-पाचांपैकी एक बाळ पायाळू असते, कारण त्याला फिरायला जागा असते. बहुतेक बाळे पुढे आपणहून वळतात आणि पूर्ण दिवसांना तीन-चार टक्केच पायाळू उरतात. माझ्या बाळाला वळायला ना वेळ मिळणार होता, ना पाणी उरले होते. पूर्ण दिवसांच्या बाळाचे कुल्ले आणि पोट डोक्याच्या मानाने बऱ्यापैकी जाड असतात, त्यामुळे शरीर बाहेर पडेपर्यंत डोक्यासाठी वाट झालेली असते. एक-सव्वा किलोच्या बाळाचे अंग बारीक आणि डोके त्या मानाने बरेच मोठे असते. गर्भाशयाचे मुख पुरते उघडण्याआधीच पाय आणि धड निसटून खाली येऊ शकतात, आणि मग मान मुखात अडकते. शिवाय पाय खाली असतील तर नाळ त्यांच्या बाजूने घसरून बाहेर येण्याची भीती अधिक असते.

"मग सिझरच करा," असे माझा नवरा लगेच म्हणाला.

"करूही," त्या म्हणाल्या, "पण सिझर केलं म्हणजे डोकं अडकणार नाही असं समजू नका. या दिवसांत पिशवीचा खालचा भाग तयार झालेला नसतो. तिथे आडवा छेद घेतला तर तो अपुरा पडू शकतो, आणि मग छेद वर वाढवावा लागतो. त्याचा हिशेब ह्यांना पुढच्या बाळंतपणात द्यावा लागेल. आणि बाळ पुढे कसं राहील, हे मी कोणत्याही मार्गाने लिहून देऊ शकत नाही."

मी ठाण्यातल्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. अशा बाबतीत पुरावा काय आहे हे पाहिल्याशिवाय मला चैन पडणे शक्य नव्हते, आणि अंथरुणावर पडून दुसरे करण्यासारखे काही नव्हतेही. पायाळू बाळांसाठी सिझर ही आज जगभर रुळलेली रीत मुख्यतः एका मोठ्या चाचणीवर उभी आहे. ती २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिच्यात २६ देशांतील २,०८८ स्त्रियांची चिठ्ठी टाकावी तशी विभागणी केलेली होती, आणि बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा यांचे प्रमाण नियोजित सिझरच्या गटात १.६ टक्के, तर नियोजित नैसर्गिक प्रसूतीच्या गटात ५ टक्के आढळले. मात्र यातील सर्व बाळे पूर्ण दिवसांची होती. त्यांच्यापैकी काही मुलांची दोन वर्षांनी पाहणी झाली तेव्हा मृत्यू किंवा वाढीतील दोष यांत दोन गटांमध्ये फरक उरलेला नव्हता, ही गोष्ट पहिल्या बातमीइतकी कोणाच्या कानावर गेली नाही.

माझ्या बाळाच्या वजनाच्या बाळांसाठी अशी चाचणी जवळजवळ नाहीच. ती करण्याचा प्रयत्न झाला होता. इंग्लंडमध्ये २६ ते ३२ आठवड्यांच्या पायाळू बाळांसाठी २६ रुग्णालयांना घेऊन एक चाचणी सुरू झाली; १७ महिन्यांत अवघ्या १३ स्त्रिया सामील झाल्या आणि ती बंद करावी लागली. पुढे मुदतपूर्व बाळांवरच्या अशा सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हाही स्त्रियांची संख्या शंभर-सव्वाशेपलीकडे गेली नाही. त्यात नवल नाही. प्रसूतीच्या कळा सोसत असलेल्या बाईला 'तुमचा मार्ग चिठ्ठी टाकून ठरवू' असे सांगायला डॉक्टर धजावत नाहीत आणि तिनेही ते का मान्य करावे?

उरतात ते प्रत्यक्षात काय घडले याच्या नोंदींवरून केलेले अभ्यास. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असे सात अभ्यास एकत्र केले आहेत. साडेतीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या त्या माहितीत नवजात मृत्यूचे प्रमाण सिझरनंतर ३.८ टक्के आणि नैसर्गिक प्रसूतीनंतर ११.५ टक्के आहे. आकडे पाहिले की वाद मिटल्यासारखे वाटते. पण कोणती स्त्री कोणत्या रकान्यात गेली हा माझ्या विषयातला पहिला प्रश्न आहे. जिला रुग्णालयात पोहोचायला उशीर झाला, जिला स्टिरॉइड मिळायला वेळच उरला नाही, जिचे बाळ इतके लहान होते की ते जगण्याची आशा नसल्यामुळे आईच्या पोटावर छेद घ्यायचा नाही असे ठरले, त्या साऱ्या जणी नैसर्गिक प्रसूतीच्या रकान्यात जमा होतात. त्या रकान्यातला मृत्यू मार्गामुळे किती आणि परिस्थितीमुळे किती, हे नोंदींवरून पुरते वेगळे काढता येत नाही. फ्रान्समध्ये २०११ साली जन्मलेल्या मुदतपूर्व बाळांच्या पाहणीत संशोधकांनी प्रत्यक्ष मार्गाऐवजी आधी ठरवलेला मार्ग धरला, २६ ते ३४ आठवड्यांच्या पायाळू बाळांची परस्परांशी तुलना केली, आणि जगण्याच्या किंवा दोन वर्षांच्या वयातील वाढीच्या बाबतीत त्यांना ठोस फरक आढळला नाही.

या अनिश्चिततेचा सर्वात स्पष्ट पुरावा मला ब्रिटनमध्येच सापडला. तिथल्या नाइस या, उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१५ सालच्या मार्गदर्शिकेत २६ ते ३६ आठवड्यांच्या पायाळू बाळाच्या कळा सुरू झाल्यास सिझरचा विचार करावा असे म्हटले आहे, तर प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या २०१७ सालच्या मार्गदर्शिकेत, कळा आपणहून सुरू झाल्या असतील तर सरसकट सिझर करू नये, प्रत्येकीचा निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा असे आहे. एकाच देशातले, एकाच पुराव्याकडे पाहणारे जाणकार दोन बाजूंना झुकतात याचा अर्थ पुरावाच तोकडा आहे. हे समजल्यावर मला भीती वाटण्याऐवजी थोडे हलके वाटले, कारण आता कोणी ठामपणे बोलले की त्या ठामपणाची किंमत मला ठरवता येत होती.

तिसावा आठवडा लागला आणि एका रात्री कळा सुरू झाल्या. तपासणीत मुख तीन-चार सेंटिमीटर उघडलेले होते आणि बोटाला एक पाऊल लागत होते. डॉक्टर अर्ध्या तासात घरून आल्या. मॅग्नेशियम सल्फेट शिरेतून सुरू झाले. अंगभर आग पसरल्यासारखे होते, जीभ जड होते, आणि ते सहन करावे लागते, कारण बत्तीस आठवड्यांच्या आतल्या बाळांमध्ये सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणाऱ्या कायमच्या दोषाचा, धोका त्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. डॉक्टरांनी पुन्हा एकदा, यावेळी मोजक्या शब्दांत, मला विचारले. कुल्ले खाली असते आणि मुख जवळपास पूर्ण उघडलेले असते तर आपण नैसर्गिक प्रसूतीचा विचार केला असता, असे त्या म्हणाल्या. पाऊल खाली, पाणी नाही, मुख अर्धवट, अशा स्थितीत आपला कौल सिझरकडे आहे. मी होकार दिला. तो होकार माझ्या समोरच्या परिस्थितीला होता. पायाळू म्हणजे सिझर या सूत्राला नव्हता, आणि हा फरक मला आजही महत्त्वाचा वाटतो.

कमरेत भूल दिलेली असल्यामुळे मला सर्व ऐकू येत होते. छेद घेतल्यावर पाय आणि धड लगेच बाहेर आले, आणि मग हालचाल थांबली. "डोकं धरलंय पिशवीने," असे कोणी तरी म्हणाले. भूलतज्ज्ञांनी गर्भाशय सैल पडण्यासाठी काही औषध दिले, आणि डॉक्टरांचा आवाज आला, "वर घेते." आडव्या छेदाच्या मध्यातून त्यांनी वरच्या दिशेने उभा छेद वाढवला आणि डोके सुटले. या सगळ्याला फार वेळ लागला नसावा. इतक्या लहान बाळाची नाळ अर्धा-एक मिनिट थांबून कापणे हिताचे असते, पण त्या ओढाताणीत ते जमले नाही. बाळ मांजरीच्या पिलासारखे बारीक आवाजात रडले. लेकीचे वजन ११४० ग्रॅम भरले, आणि न पुसताच तिला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, नाकावर सीपॅप, म्हणजे श्वासाला मदत म्हणून हवेचा सतत दाब देणारे यंत्र, लावून नेण्यात आले, कारण या वजनाचे बाळ काही मिनिटांत गार पडते.

एनआयसीयूतल्या आठवड्यांबद्दल सविस्तर लिहीत नाही. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना सांगायला नको. पहिल्या दिवशी बारीक नळीने सरफॅक्टंट हे फुप्फुसे उघडी ठेवणारे औषध, श्वास थांबू नये म्हणून कॅफीन, गालाच्या आत बोळ्याने लावलेला चीक, मग नळीतून थेंबाथेंबाने दूध. पहिले काही दिवस मला दूध पुरेसे येत नव्हते तेव्हा मातृदुग्धपेढीतले दूध मिळाले. अशी पेढी आशिया खंडात प्रथम १९८९ साली आपल्या शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, हे मला तिथल्या सिस्टरांनी अभिमानाने सांगितले. डोक्याच्या सोनोग्राफीत अगदी सौम्य, पहिल्या श्रेणीचा रक्तस्राव दिसला आणि पुढच्या तपासणीत तो विरला होता. चौथ्या आठवड्यात डोळ्यांचा पडदा तपासला गेला.

एका गोष्टीविषयी मात्र लिहिलेच पाहिजे. शेजारच्या पेटीतले बाळ शहापूर तालुक्यातून शासकीय योजनेतून आले होते. तेही पायाळू, वजनही माझ्या लेकीच्या जवळपासचेच. त्याच्या आईला ग्रामीण रुग्णालयातच डेक्सामेथासोनचा पहिला डोस मिळाला होता, दुसरा इथे पोहोचल्यावर. चारही डोस होण्याआधीच मुख पूर्ण उघडले, आणि आमच्याच डॉक्टरांनी ती प्रसूती कोणताही छेद न घेता, बाळाला न ओढता, पार पाडली. त्या दिवशी कामावर दुसरे कोणी असते तर काय झाले असते, हा प्रश्न मी मोठ्याने विचारला नाही. ती बाई त्याच संध्याकाळी चालत एनआयसीयूत आली आणि बाळाला छातीशी धरून बसली. भारतात आणि आफ्रिकेतील चार देशांत झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एक ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर कांगारू पद्धतीने छातीशी ठेवल्यास मृत्यूचे प्रमाण १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले होते. मला मात्र टाक्यांमुळे आणि नंतर आलेल्या तापामुळे खुर्चीत नीट बसता येईपर्यंत वाट पाहावी लागली. तोवर माझ्या लेकीला तिच्या बाबाने, सदऱ्याची बटणे काढून, तासन्‌तास छातीशी धरले. सिझरच्या बाजूने आणि विरुद्ध मांडलेल्या कोणत्याच तक्त्यात मला हा रकाना दिसला नव्हता.

शहापूरच्या बाळाला प्राणवायू माझ्या लेकीपेक्षा अधिक काळ लागला. नातेवाइकांनी लगेच त्याचे कारण नैसर्गिक प्रसूतीत शोधले. त्याचे स्टिरॉइड अपुरे झाले होते, तो मुलगा होता आणि मुदतपूर्व मुलगे फुप्फुसांच्या बाबतीत मुलींपेक्षा कच्चे असतात, हे मी सांगून पाहिले. ऐकणाऱ्यांना ते पळवाटेसारखे वाटले. दोन बाळांवरून काहीही सिद्ध होत नाही, आणि माझ्या लेकीवरूनही होत नाही. दोघेही घरी गेले. लेकीचे वय आता, तिच्या जन्माच्या मूळ अपेक्षित तारखेपासून मोजले तर, दोन वर्षांचे आहे. खुब्यांची तपासणी, श्रवणचाचणी आणि वाढीची तपासणी ठीक आली आहे, बोलणे थोडे मागे आहे आणि त्यावर लक्ष ठेवायला सांगितले आहे.

माझ्या बाजूचा हिशेब अजून चालू आहे. गर्भाशयावर खालच्या भागात फक्त आडवा छेद असेल तर पुढच्या वेळी कळांमध्ये तो फाटण्याचा धोका एक टक्क्याहून कमी असतो. माझ्यासारखा उलट्या टी आकाराचा किंवा पूर्ण उभा छेद असेल तर तो चार ते नऊ टक्के सांगितला जातो. म्हणून मला पुन्हा दिवस गेले तर कळांची वाट पाहायची नाही, छत्तीस-सदतीस आठवड्यांच्या सुमारास नियोजित सिझर करायचे, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. पण घरी सोडताना मिळालेल्या कागदावर नुसते 'सिझेरियन, मुदतपूर्व, पायाळू' एवढेच छापलेले होते. उद्या आम्ही ठाणे सोडून दुसरीकडे गेलो आणि तिथल्या डॉक्टरांनी हा कागद वाचला, तर त्यांना माझा छेद नेहमीचाच वाटेल. मी रुग्णालयाच्या नोंदणी विभागात लेखी अर्ज दिला. एकदा 'डिस्चार्ज कार्डावर सगळं असतं, मॅडम' असे उत्तर मिळाले, मग डॉक्टरांनी स्वतः फोन केला, आणि शस्त्रक्रियेच्या टिपणाची सही-शिक्क्याची प्रत मिळाली. तिच्यात छेदाची आकृती हाताने काढलेली आहे. एक प्रत माझ्या फाइलीत आहे, एक नणंदेकडे डोंबिवलीला ठेवली आहे, आणि तिचा फोटो नवऱ्याच्या व माझ्या, दोघांच्याही फोनमध्ये आहे.